कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती

श्राद्धाच्या दिवशी पिंडदानाच्या वेळी उपाध्याय यजमानाकडून पित्याचे, पितामहाचे आणि प्रपितामहाचे नाव वदवून घेतात. तीन नावे उच्चारली जातात आणि उच्चार तेथेच थांबतो. त्यापुढे, पणजोबांच्या वडिलांचे नाव काय, असा प्रश्न मुळशी तालुक्यातील कोळवणच्या एखाद्या जुन्या वाड्यात काय किंवा कोथरूडच्या एखाद्या सदनिकेत काय, कोणी केला, तर सर्वांच्या दृष्टी घरातील सर्वांत वृद्ध माणसाकडे वळतात आणि बहुधा तो वृद्धही निरुत्तर होतो. ज्या भातखाचराचा बांध त्या चौथ्या पुरुषाने घातला, त्या बांधावरून घरातील माणसे आजही रोज ये-जा करतात. खाचराला घातलेले नाव टिकते, विहिरीचे टिकते, आणि ज्याने ती खणली त्याचे मात्र लोपते. हे असे का घडते, आणि लोपलेले नाव परत मिळवून ते पुस्तकात कसे बांधता येते, त्याहीपेक्षा, पूर्वी कोणी असे पुस्तक बांधून ठेवले असेल तर ते पुन्हा कसे छापावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

तीन पिढ्यांची सीमा

माणसाला आजोबा प्रत्यक्ष भेटतात, आणि आजोबांच्या तोंडून त्यांच्या वडिलांची हकीकत ऐकू येते. म्हणजे कानावर पडलेल्या गोष्टींची पोच फार तर पणजोबांपर्यंत जाते, आणि श्राद्धविधीने नेमकी तेवढीच नावे मुखोद्गत ठेवण्याची व्यवस्था केलेली आहे. पलीकडची नावे उच्चारण्याचा प्रसंगच वर्षभरात येत नाही, आणि ज्या नावाचा उच्चार होत नाही ते एका माणसाच्या मृत्यूबरोबर घरातून निघून जाते.

याला जोडून दुसरी एक अडचण आपल्याच एका सुंदर रूढीने निर्माण केली आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक होती. पेशव्यांचे घराणे सर्वांच्या परिचयाचे आहे म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ: बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव, त्या बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी, बाजीरावांचेच दुसरे पुत्र रघुनाथराव, आणि त्यांचे पुत्र पुन्हा बाजीराव. या घराण्याचा इतिहास लिहिला गेला म्हणून आपण थोरले बाजीराव आणि दुसरे बाजीराव असा भेद करू शकतो. परंतु ज्या घराण्यात खंडू, धोंडू, खंडू, धोंडू अशी नावे सहा पिढ्या आलटून पालटून आली, त्या घराण्यात कागदावर सापडलेला ‘खंडू बिन धोंडू’ नेमका कोणता, हे नुसत्या नावावरून सांगणे अशक्य होते. दोन खंडू एकच समजले की मधल्या दोन पिढ्या गळतात, आणि घराण्याचा काळ पन्नास-साठ वर्षांनी आखूड होतो. वंशावळी जुळवताना होणाऱ्या चुकांत ही चूक सर्वांत अधिक आढळते. तिच्यावर उपाय एकच: प्रत्येक नावाशेजारी काळ हवा आणि तो काळ कोठून समजला, त्याचा उगमही हवा.

कागद कोणापाशी राहिले

जुन्या काळी वंशावळ लिहून ठेवण्याचे कारण बहुधा भावनेचे नसे, वतनाचे असे. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण हे हक्क वंशपरंपरेने चालत, त्यामुळे हक्काविषयी तंटा उद्भवला की आपण मूळ पुरुषापासून कितवे, वडीलकीचा मान कोणत्या शाखेकडे, हे गोतसभेपुढे, म्हणजे गोतातील वतनदारांच्या सभेपुढे, सिद्ध करावे लागे. वादी आणि प्रतिवादी आपापल्या घराण्याची साद्यंत हकीकत लिहून देत, तिला करीना म्हणत. गोतसभेने निवाडा केला म्हणजे त्याचा महजर होई, आणि महजरावर जमलेल्या लोकांच्या साक्षी पडत, अक्षर न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे. आज आपण ज्याला घराण्याचा इतिहास म्हणतो त्याचा मोठा भाग या दाव्यांच्या कागदांतून उतरलेला आहे. साहजिकच ज्यांच्याकडे वतन त्यांच्याकडे कागद. मावळातील खोऱ्याखोऱ्यांतील देशमुख घराणी, म्हणजे मोसे खोऱ्यातील पासलकर, मुठे खोऱ्यातील मारणे, पौड खोऱ्यातील ढमाले, रोहिड खोऱ्यातील जेधे, इतिहासात नावाने ओळखू येतात. त्यांच्या शेजारी नांगर धरणारी शेकडो घरे ओळखू येत नाहीत.

एका घराण्याने जपलेला कागद केवढे कार्य करू शकतो, याचे उदाहरण मावळातच आहे. भोरजवळील कारी गावच्या जेधे घराण्यात घटनांच्या तिथी क्रमाने नोंदविलेली एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात प्रसिद्ध झाली. तोपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म इ.स. १६२७ मध्ये झाला असे सर्वत्र मानले जाई. शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी होती. पुढे परमानंदाचे शिवभारत आणि जोधपूर येथे मिळालेली जन्मकुंडली यांचाही तिला आधार मिळाला, दीर्घकाळ वाद झाला, आणि अखेर १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख महाराष्ट्र शासनाने स्वीकारली. शकावली लिहिणाऱ्यांनी आपल्या घराण्यासाठी टिपणे ठेवली होती. त्या टिपणांतील एका ओळीने साऱ्या महाराष्ट्राचे पंचांग सुधारले. हे मी मुद्दाम विस्ताराने सांगितले, कारण घरगुती इतिहासाचे पुस्तक ही केवळ हौस आहे असे मानणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

कुलवृत्तांताची रचना

मराठीत घराण्याच्या इतिहासग्रंथाला कुलवृत्तांत हे नाव रूढ झाले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. आपटे, गोखले, पेंडसे, बापट आदी चित्पावन घराण्यांनी असे ग्रंथ सिद्ध केले. कोकणातून देशावर, देशावरून इंदूर-बडोद्यापर्यंत पांगलेल्या आणि लेखनवाचनात मुरलेल्या या समाजाला आपल्या शाखा पुन्हा एका ठिकाणी पाहण्याची निकड वाटली, हे समजण्यासारखे आहे. हे ग्रंथ कोणा व्यापारी प्रकाशकाने काढले नाहीत. कुलबंधूंचे मंडळ स्थापन होई, छापील पत्रके गावोगाव रवाना होत, ती भरून येत, आगाऊ वर्गणी गोळा होई, आणि संपादक, बहुधा निवृत्त शिक्षक किंवा सरकारी नोकर असलेला एखादा कुलबंधू, पदरमोड करून वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करी. आज ज्याला स्वयंप्रकाशन म्हणतात ते आपल्याकडे या रूपाने फार पूर्वीच नांदत होते. शिकागो विद्यापीठात दक्षिण आशियाई ग्रंथसंग्रह सांभाळणाऱ्या मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या कुलवृत्तांतांचा समाजशास्त्राचे साधन म्हणून अभ्यास केला: कोणत्या पिढीत शेती सुटली, कोणत्या पिढीत इंग्रजी शाळा आली, सोयरीक किती दूरच्या गावी होऊ लागली, हे या ग्रंथांतील कोरड्या वाटणाऱ्या नोंदींतून उलगडते.

नोंदीचे स्वरूप बहुधा ठरलेले असते: व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव, जन्माचा शक किंवा सन, वास्तव्य, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचे सासरचे व माहेरचे नाव, तिच्या वडिलांचे गाव, अपत्ये. या नोंदी एकमेकींना जोडतात ते क्रमांक. मूळ पुरुषाला १ क्रमांक दिला, त्याच्या तीन पुत्रांना १.१, १.२, १.३, आणि तिसऱ्याच्या दुसऱ्या अपत्याला १.३.२, अशी मांडणी केली की क्रमांक वाचताच ती व्यक्ती कितव्या पिढीतील आणि कोणत्या शाखेतील हे कळते, आणि पुढे कोणत्याही शाखेत कितीही अपत्ये वाढली तरी इतरांचे क्रमांक ढळत नाहीत. पुष्कळ जुन्या ग्रंथांत याऐवजी सलग १ पासून हजारापर्यंत क्रमांक दिलेले असतात; वाचायला ते सोपे, परंतु दुसऱ्या आवृत्तीत मध्येच एक विसरलेला भाऊ सापडला की पुढील सारी गणना कोसळते.

सूचीची गोष्ट आणखी निराळी. सामान्य पुस्तकाची सूची आडनावांवरून करतात, परंतु येथे सर्वांचे आडनाव एकच. म्हणून कुलवृत्तांताची सूची व्यक्तीच्या नावावरून, मग वडिलांच्या नावावरून आणि शेवटी क्रमांक देऊन करावी लागते. स्त्रियांच्या बाबतीत तेवढेही पुरत नाही. एकच स्त्री जन्मनावाने माहेरी, बदललेल्या नावाने सासरी, आणि पुष्कळदा ‘अमक्याची दुसरी पत्नी’ एवढ्याच उल्लेखाने ग्रंथात असते. माझे स्पष्ट मत असे की, ज्या कुलवृत्तांतात मुलींच्या शाखा लग्नाच्या एका ओळीत संपतात तो अर्ध्या कुलाचाच वृत्तांत होय. निदान सूचीत तरी प्रत्येक स्त्रीची माहेरच्या व सासरच्या अशा दोन्ही नावांखाली नोंद करावी. याला खर्च काही पाने एवढाच येतो, आणि पणजीच्या माहेराचा शोध घेणाऱ्या एखाद्या नातीचे त्याने कल्याण होते.

कोळवणच्या घराने आरंभ कोठून करावा

ज्यांच्याकडे वतनाचे कागद नाहीत अशा शेतकरी घराने निराश होण्याचे कारण नाही. ब्रिटिश अमदानीत, १८३६ साली इंदापुरापासून सुरू झालेल्या जमीन पाहणीच्या पद्धतीने पुढे प्रत्येक सर्व्हे नंबर आणि त्याचा खातेदार कागदावर आणला. वतन नसलेला कुणबी सरकारी दप्तरात सलगपणे नावाने दिसू लागतो तो येथून. शोध नेहमी ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावा. आज हाती असलेल्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहामधील नोंद, उघडली की कोणाच्या मृत्यूनंतर कोणाची वारस म्हणून नावे लागली हे समजते, आणि त्यात बहुधा मुलींची नावेही मिळतात. त्या फेरफारावरून मागच्या फेरफाराकडे जावे. त्याच्या जोडीला गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचे कोतवाल पुस्तक, पाहावे. कोळवणकरांना यासाठी पौडची तहसील कचेरी गाठावी लागते. २०२३ साली मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासंबंधी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हीच पुस्तके बाहेर निघाली, आणि त्यांतील जुनी पाने मोडी लिपीत असल्यामुळे मोडी वाचणाऱ्यांना अकस्मात मागणी आली. घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने त्यावरून एवढाच बोध घ्यावा की मोडी शिकणे अपरिहार्य आहे, किंवा निदान शिकलेला माणूस हाताशी असणे तरी.

याहून मागे जायचे तर पुण्याचे पुरालेखागार, म्हणजे आपल्या तोंडी असलेले पेशवे दप्तर. तेथे कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि ते घराण्यांप्रमाणे लावलेले नसून कचेऱ्यांच्या व प्रांतांच्या क्रमाने लावलेले आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे; अन्यथा पहिल्याच दिवशी हिरमोड होतो. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही गाव व आडनाव सांगितल्यास पूर्वी कोण यात्रेला आले होते त्यांची नावे मिळू शकतात. हरिद्वारच्या अशा वह्यांचे महत्त्व ओळखून अमेरिकेतील यूटा प्रांतातील वंशावळीविषयक संस्थेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचे सूक्ष्मचित्रण केले.

मुळशी तालुक्यातील घरांना एक वेगळा धागाही शोधावा लागतो. टाटांच्या धरणासाठी मुळशी पेट्यातील गावे पाण्याखाली जाणार होती, आणि १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध सत्याग्रह झाला, हे सर्वश्रुत आहे. गावे बुडाली तेव्हा माणसे पांगली. कोणी सोयऱ्यांच्या गावी गेले, कोणी मुंबईस गिरणीत लागले. मूळ गावचा सातबारा ज्यांना उरला नाही अशा शाखांचा मागोवा भूसंपादनाच्या कागदांतून, सोयऱ्यांच्या आठवणींतून आणि कुलदैवताच्या यात्रेतून घ्यावा लागतो. एकच देवक, एकच कुलदैवत आणि एकाच बुडीत गावाचे नाव सांगणारी दोन घरे दूरदूरच्या गावी भेटली तर ती भाऊबंद असण्याचा संभव मोठा. मात्र संभव म्हणजे पुरावा नव्हे, आणि पुस्तकात ते ‘संभव’ या शब्दानेच लिहिले पाहिजे.

> चौकट: जुन्या कागदावरचा सन कसा वाचावा
>
> शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीस ७९ मिळवावे लागतात. वर सांगितलेला शके १५५१ चा फाल्गुन म्हणूनच १६३० मध्ये पडतो.
>
> मराठेशाहीच्या कागदांवर सुहूर सन असतो. तो मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, पालटतो आणि अरबी संख्यावाचक शब्दांत, एकम् आधी या क्रमाने लिहिला जातो. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४. त्यात ५९९ मिळवले की १७७३ येते. मात्र जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदास ६०० मिळवावे लागतात. नारायणराव पेशव्यांचा वध ऑगस्ट १७७३ मध्ये, याच सुहूर सनात झाला.
>
> फसली सन महसुली कागदांवर असतो. दख्खनी फसलीत ५९० मिळवावे, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदास ५९१.
>
> पुस्तकात मूळ सन जसाच्या तसा द्यावा आणि रूपांतर कंसात. रूपांतर चुकले तरी पुढच्या वाचकाला मूळ आकडा उपलब्ध राहतो.

जुने पुस्तक पुन्हा छापण्याचा हक्क कोणाचा

आपल्या घराण्याचे पुस्तक म्हणजे आपलेच पुस्तक, अशी पुष्कळांची समजूत असते. कायद्याची दृष्टी तशी नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार ग्रंथावरचा हक्क लेखकाचा, आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो, व तो लेखकाच्या मृत्यूचे वर्ष संपल्यापासून साठ वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ झाली. म्हणजे ग्रंथ १९३८ चा असो की १९५८ चा, संपादक १९६० साली निवर्तले असतील तर २०२० अखेर तो मुक्त झाला. ते १९७० साली निवर्तले असतील तर ३१ डिसेंबर २०३० पर्यंत वारसांची लेखी संमती लागेल. दोघांनी मिळून लिहिलेल्या ग्रंथात जो मागाहून निवर्तला त्याच्यापासून गणना करावयाची. मुखपृष्ठावर लेखकाचे नावच नसेल आणि तो कोण हे उघड झालेले नसेल, तर प्रकाशनाच्या वर्षापासून साठ वर्षे.

येथे एक सूक्ष्म भेद आहे. अमका अमक्याचा पुत्र, अमक्या साली जन्मला, ही वस्तुस्थिती कोणाच्याही मालकीची नसते. तिच्यावर प्रताधिकार नाही. तिची मांडणी, तिच्याभोवतीचे लेखन, प्रस्तावना, चरित्रलेख यांवर आहे. म्हणून जुन्या ग्रंथातील जन्मसाल घेऊन नवा ग्रंथ लिहिण्यास बाधा नाही, परंतु त्यातील पाने छायाचित्रित करून छापण्यास संमती हवी. संमती न लागणाऱ्या ठिकाणीही ऋणनिर्देश करावा, हे कायदा सांगत नसला तरी कुलाचा धर्म सांगतो.

खिळे, पत्रे आणि संगणक

आजोबांनी इतक्या परिश्रमाने छापलेले पुस्तक त्यांच्याच हयातीत पुन्हा का छापले नाही, असा प्रश्न नातवाच्या मनात येतो. उत्तर छापखान्याच्या व्यवहारात आहे. त्या काळी शिशाचे खिळे हाताने जुळवून पान तयार होई. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांत जातात, आणि कोणत्याही छापखान्याकडे ते एका मर्यादित साठ्यापुरतेच असत. गावजेवणासाठी घरोघरची भांडी गोळा करावी आणि पंगती उठल्या की धुऊन ज्याची त्याला परत पोचवावी, तसे एक फर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा संच, छापून झाला की जुळारी त्यातील खिळे सोडून पुन्हा आपापल्या खणांत टाकी, कारण पुढच्या फर्म्याला तेच खिळे हवे असत. पुस्तक बांधून तयार होई तेव्हा त्याचे एकही पान छापखान्यात शिल्लक नसे. पुन्हा छापणे म्हणजे पहिल्या अक्षरापासून पुन्हा जुळवणे आणि पुन्हा मुद्रिते तपासणे, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्यानंतर ऑफसेट आले. तेथे पानाचे चित्र धातूच्या पत्र्यावर उतरवतात आणि पत्र्यावरून छापतात. एका फर्म्यात साधारणतः सोळा पाने येतात, म्हणजे चारशे पानांच्या पुस्तकाचे पंचवीस फर्मे. पत्रे करणे आणि यंत्र लावणे यांचा खर्च शंभर प्रती काढा की हजार, तेवढाच येतो. अंकीय छपाईत पत्राच नाही, संगणकातून सरळ कागदावर. त्यामुळे एक प्रत काढली काय आणि पन्नास काढल्या काय, दर प्रतीचा खर्च जवळजवळ सारखा राहतो. हिशेबाच्या सोयीसाठी समजा की ऑफसेटचा स्थिर खर्च एक लाख रुपये आणि वर दर प्रतीस शंभर रुपये, तर अंकीय छपाईत दर प्रतीस चारशे. शंभर प्रतींना ऑफसेटची प्रत अकराशेला पडेल, हजार प्रतींना दोनशेला. दोन्ही पद्धती ३३३ प्रतींच्या आसपास समसमान होतात. प्रत्यक्षातील दर छापखान्यागणिक निराळे असले तरी हिशेबाची रीत हीच. कुलबंधूंकडून आगाऊ मागणी किती आली हे कळल्यावाचून छपाईची पद्धत ठरवू नये. चढ्या उत्साहात हजार प्रती काढून त्या एखाद्याच्या माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन करण्यापेक्षा दीडशे काढाव्यात आणि लागेल तशा पुन्हा काढाव्यात.

कागद आणि बांधणी यांत मात्र काटकसर करू नये. लगद्यात लाकडाचा अंश राहिलेला स्वस्त कागद पिवळा पडतो आणि कडेने तुटू लागतो. ज्यांच्याकडे जुने कुलवृत्तांत आहेत त्यांना हे सांगायला नको. आम्लविरहित चांगला कागद मिळाल्यास घ्यावा. बांधणीचे दोन प्रकार आढळतात: पाने कापून कण्याला नुसता डिंक लावलेली, आणि जुजबंदी केलेली, म्हणजे फर्म्याच्या घड्या घालून त्या दोऱ्याने शिवलेली. पहिल्या प्रकारचे पुस्तक दहा-वीसदा पुरते उघडले की पाने सुटू लागतात. कुलवृत्तांत हा लग्नकार्यात, वर्षश्राद्धात, भाऊबंदांच्या बैठकीत हातोहात फिरणारा ग्रंथ आहे. त्याला जुजबंदीच हवी.

जसेच्या तसे, की सुधारून

पुनर्मुद्रणातला खरा कठीण निर्णय हा आहे. एक पक्ष म्हणतो की, जुनी पाने चित्रित करून तशीच छापावी; दुसरा म्हणतो की, सर्व मजकूर नव्याने टाइप करून चुका दुरुस्त कराव्या आणि नव्या पिढ्या मध्ये भराव्या. दुसऱ्या मार्गाचा मोह फार असतो, आणि माझ्या मते तो टाळण्यासारखा आहे. मूळ संपादकाने ज्या माणसांना विचारून लिहिले ती आज हयात नाहीत. त्याची नोंद आपल्याला चूक वाटते तेव्हा कधी तो चुकलेला असतो आणि कधी आपण. मूळ वाक्य पुसून त्या जागी आपले लिहिले की पुढच्या वाचकाला दोन साक्षींपैकी एकच उरते, आणि ती कोणाची हेही कळत नाही. शिवाय जुन्या पुस्तकाचा पृष्ठांक देऊन ज्यांनी कोठे उल्लेख केले असतील ते सर्व निरर्थक ठरतात.

म्हणून मूळ ग्रंथ पृष्ठांकांसह जसाच्या तसा द्यावा, आणि त्याला स्वतंत्र पुरवणी जोडावी. पुरवणीत तीन गोष्टी असाव्यात: मूळ पृष्ठ व ओळ सांगून केलेल्या आणि प्रत्येकीपुढे आधार दिलेल्या दुरुस्त्या, मूळ क्रमांक कायम ठेवून पुढे चालवलेल्या नव्या पिढ्या, आणि वर सांगितलेली दुहेरी सूची. जी माहिती केवळ ऐकीव आहे तिच्यापुढे कोणी सांगितली आणि कोणत्या वर्षी, हे लिहावे. ‘वडीलधाऱ्यांकडून कळते’ एवढे पुरेसे नाही. कोणते वडीलधारे, हे शंभर वर्षांनी कोण सांगणार?

जुनी प्रत चित्रित करताना पुस्तकाचा कणा मोडेपर्यंत ते यंत्रावर दाबू नये. वरून छायाचित्र घेणारे साधन वापरावे आणि इंचाला निदान तीनशे, शक्य तर चारशे ठिपक्यांची सूक्ष्मता ठेवावी. शाईचे डाग साफ करताना अनुस्वार आणि दशांशचिन्हे पुसली जाणार नाहीत याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. एका अनुस्वाराने आडनाव बदलते. चित्रावरून अक्षरे ओळखणारी संगणकीय साधने आता देवनागरी बऱ्यापैकी वाचतात, परंतु जुन्या खिळ्यांची जोडाक्षरे आणि झिजलेले आकडे यांत ती हटकून अडखळतात. त्यांचे वाचन शोध घेण्यापुरते वापरावे, छापण्यापूर्वी माणसाने ताडून पाहावे.

अलीकडच्या, म्हणजे १९९० ते २०१० च्या सुमाराच्या पुस्तकांची अडचण आणखी चमत्कारिक आहे. ती संगणकावर जुळवलेली असल्याने पुन्हा छापणे सोपे जावे असे वाटते. परंतु त्या काळी श्री-लिपीसारख्या प्रणालींत प्रत्येकीची संकेतपद्धती स्वतंत्र होती, आणि योग्य टंक उपलब्ध नसेल तर ती धारिका उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिल्यामुळे ही आपत्ती आता टळते. छापखान्याकडून पुस्तक घेताना नुसती छपाईची पीडीएफ न घेता युनिकोडमधील मजकुराची धारिकाही मागून घ्यावी, आणि तशी अट करारात आधीच घालावी. मागाहून मागितली तर ती बहुधा सापडत नाही.

हयात व्यक्तींविषयी लिहिताना हात आखडता घ्यावा. संपूर्ण जन्मतारीख, भ्रमणध्वनी क्रमांक, राहण्याचा पत्ता या गोष्टी पूर्वीच्या कुलवृत्तांतांत असत. आज त्यांचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून जन्मवर्ष आणि गाव एवढे पुरे. दत्तकाची नोंद जनक आणि दत्तक अशा दोन्ही घरी करावी. घटस्फोट, आंतरजातीय विवाह, दुरावलेला मुलगा, यांविषयी संबंधित व्यक्तीला स्वतः विचारावे, आणि तिने नको म्हटले तर ते नको. परंतु कोणाचेही नाव रागापोटी गाळू नये. मंडळातील वडीलधाऱ्यांचा आग्रह असला तरी नाही. गाळलेले नाव परत घालणे किती दुर्घट असते हे फेरफार चाळणाऱ्याला चांगले ठाऊक असते.

छापून झाल्यावर

पुस्तकाला आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथक्रमांक, म्हणजे तेरा अंकी आय.एस.बी.एन., घ्यावा, आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि स्वतःचे पुस्तक काढणाऱ्या व्यक्तीलाही मिळतो. पुनर्मुद्रणात काही भर न घालता तेच पुस्तक तसेच काढले तर जुना क्रमांक चालतो. पुरवणी जोडली की ती नवी आवृत्ती, आणि तिला नवा क्रमांक. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने, म्हणजे येथे कुलमंडळाने किंवा ज्याचे नाव प्रकाशक म्हणून छापले त्याने, प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि एकेक प्रत चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय, मुंबईचे एशियाटिक सोसायटीतील मध्यवर्ती ग्रंथालय व दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांस पाठवावयाची असते. घरगुती पुस्तके काढणारे पुष्कळ जण याकडे दुर्लक्ष करतात, आणि घरातील प्रती संपल्या की पुस्तक पृथ्वीवरून नाहीसे होते. या चार प्रतींखेरीज एक भारत इतिहास संशोधक मंडळास, एक पुणे नगर वाचन मंदिरास आणि एक पौडच्या किंवा कोळवणच्या वाचनालयास द्यावी. सोबतच्या पत्रात कुलमंडळाचा पत्ता आणि चुका कळवण्याची विनंती असावी, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीची पुरवणी आपोआप साठू लागते.